चारशे रुपयांचं ट्यूबलेस पंक्चर किट: कामाचं, पण अर्धवट

बाइकच्या ट्यूबलेस टायरसाठी तीन-चारशे रुपयांना मिळणाऱ्या या डबीत एक रीमर (भोक साफ करायची खरबरीत सळई), चिरलेल्या डोळ्याची एक सुई, पाच ते दहा चिकट स्ट्रिप, रबर सोल्यूशनची छोटी ट्यूब आणि नशीब असेल तर एक कटर असतो. खिळा उपटायला पक्कड आणि हवा भरायला पंप मात्र नाही. म्हणजे भोक बुजतं, पण टायर सपाटच राहतो. डबीवर ‘कम्प्लीट’ असं छापलेलं असतं, ते मनावर घेऊ नका.

घेताना आधी मूठ बघा. सरळ प्लॅस्टिकची मूठ असेल तर डबी तिथेच परत ठेवा. रीमर टायरमध्ये घुसवायला अंगाचा भार टाकावा लागतो. तेव्हा मूठ सळईवर फिरते किंवा तुटते, आणि तुटलेलं टोक तळहातात जातं. धातूची टी-मूठ असलेलं किट शंभरेक रुपये जास्त पडतं, ते देऊन टाका. स्ट्रिप नखाने दाबून बघायची. खड्डा पडला आणि बोटाला चिकटली तर ताजी. वाकवल्यावर भेग पडली तर ती टायरमध्ये बसणारच नाही. सोल्यूशनची ट्यूब एकदा फोडली की काही महिन्यांत आतल्या आत सुकते. किट दोन वर्षं सीटखाली पडून असेल तर स्ट्रिप आणि सोल्यूशन नवं घ्या. दोन्ही स्वस्तात मिळतात.

वापरताना गाडी रस्त्यापासून लांब, सपाट जागी घ्या. डबल स्टँड असेल तर मागचं चाक मोकळं फिरतं. नसेल तर गाडी ढकलत खिळा हाताच्या उंचीवर आणायचा. खिळा काढण्याआधी तो कुठल्या कोनात गेलाय ते नीट बघून ठेवा. बहुतेकांची चूक इथेच होते. खिळा तिरका असतो, रीमर सरळ घुसवला जातो, आणि एकाची दोन भोकं होतात. त्याच कोनात रीमर घालून सात-आठ वेळा आत-बाहेर फिरवा. रीमर हाताला सैल लागला की थांबा, जास्त कोरलं तर टायरचे धागे तुटतात.

स्ट्रिप सुईच्या डोळ्यात बरोबर मध्यावर ओवा, सोल्यूशन लावा आणि दोन्ही टोकं सेंटिमीटरभर बाहेर राहतील इतकी आत रेटा. मग सुई न पिळता एका झटक्यात बाहेर. हळूहळू ओढली किंवा फिरवली तर स्ट्रिप सुईबरोबर परत येते. बाहेरची टोकं तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा, हवा भरा आणि साबणाचं पाणी टाका. साबण नसेल तर थुंकी चालते. बुडबुडा आला तर जुन्या स्ट्रिपशेजारी दुसरी घालता येते. तिसरीची वेळ आली तर भोक मोठं आहे, गाडी टेम्पोत घाला.

आता हवा. १६ ग्रॅमची कार्बन डायऑक्साइडची नळकांडी छोटी आणि चटपटीत, पण साध्या कम्यूटर (रोजच्या ये-जा करायच्या) बाइकच्या मागच्या टायरलाही एक पुरत नाही, दोन लागतात. रुंद टायरला तीन. भरताना ती बर्फासारखी गार होतात, उघड्या हाताने धरू नका. बॅटरीला चिमटे लावून चालणारा बारा व्होल्टचा पंप कारसाठी ठीक. बाइकची छोटी बॅटरी त्याच्याने लवकर बसते. चार्जिंगचा छोटा पंप सगळ्यात सोयीचा, फक्त तो चार्ज आहे ना हे निघायच्या आधी बघा. सायकलचा पंप घरात असेल तर त्याचं तोंड बाइकला बसतं का बघा, बाइकचा व्हॉल्व्ह कारसारखाच असतो. किती हवा ते चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर लिहिलेलं असतं. कम्यूटर बाइकला एकट्यासाठी साधारण पुढे २५, मागे २९ पीएसआय. मागे कुणी बसणार असेल तर मागे ३३.

एक गोष्ट कुठल्याच किटने सुटत नाही. हवा गेलेल्या टायरवर ‘पुढच्या गावापर्यंत’ गाडी रेटली की टायरची कड रिमवरून सुटते. मग छोटा पंप कितीही चालवा, हवा कडेने निघून जाते. ती परत बसवायला कंप्रेसरच लागतो. शिवाय टायरच्या बाजूची भिंतही चिरडलेली असते. म्हणून गाडी वळवळायला लागली की ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर सोडून हळूच बाजूला घ्या. पुढचं चाक असेल तर पुढचा ब्रेक अजिबात नको.

स्ट्रिप फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागावर आणि साधारण ६ मिलिमीटरपर्यंतच्या भोकाला. भिंतीवरच्या पंक्चरला, मोठ्या चिरेला किंवा ट्यूब असलेल्या स्पोकच्या चाकाला हे किट निरुपयोगी. मागाहून टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ) लावून घ्या, तोवर वेग पन्नास-साठच्या आत. पंधरा-वीस किलोमीटरनंतर एकदा थांबून हवा मोजा, आणि मोजायला वेगळं शे-दोनशेचं गेज ठेवा. चार्जिंगच्या स्वस्त पंपांचा आकडा दोन-तीन पीएसआयने चुकू शकतो.