प्रो मायक्रो: डीजे कंट्रोलर घरी बांधायचा तर हा बोर्ड कितपत पुरतो?

स्वतःचा मिडी कंट्रोलर, म्हणजे नॉब-बटणांचे इशारे संगणकातल्या डीजे सॉफ्टवेअरला पोचवणारी पेटी, बांधायला निघालेल्या माणसाची पहिली चूक दुकानातच होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत नुसतं ‘आर्डुइनो (प्रोग्राम चढवता येणारा छोटा सर्किट बोर्ड) द्या’ म्हटलं, तर हातात उनो किंवा नॅनो पडायचीच शक्यता जास्त. बोर्ड दोन्ही चांगले, पण या कामाचे नाहीत. त्यांच्यावरच्या एटीमेगा ३२८पी चिपला स्वतःचं यूएसबी नसतं. संगणकाशी बोलायला शेजारी वेगळी चिप बसवलेली असते आणि संगणकाला ती सिरियल पोर्ट म्हणून दिसते, मिडी यंत्र म्हणून नाही. मग मध्ये त्या सिरियल संदेशांचं मिडी करणारं हेअरलेस मिडी हे सॉफ्टवेअर चालवा, विंडोज असेल तर त्याच्या जोडीला आभासी मिडी जोडणी देणारं लूपमिडी चालवा, आणि कार्यक्रमाच्या आधी दोन्ही चालू आहेत ना ते बघत बसा. शिकायला ठीक आहे, मंडपात नाही.

प्रो मायक्रो या आर्डुइनोच्याच जातीच्या छोट्या बोर्डावर एटीमेगा ३२यू४ ही चिप असते. यूएसबी चिपच्याच पोटात, त्यामुळे केबल लावली की विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर वेगळा ड्रायव्हर न टाकता तो मिडी यंत्र म्हणून उभा राहतो. मूळ आराखडा स्पार्कफन या कंपनीचा. आज बाजारात मिळतात त्या बहुतेक नकला, आणि किंमत हजाराच्या आत. नकलेत चिप तीच असते. फरक पडतो तो सॉकेटच्या मजबुतीत आणि सोल्डरिंगच्या सफाईत. त्याबद्दल पुढे.

घेताना ५ व्होल्ट, १६ मेगाहर्ट्‌झचा घ्या. दिसायला अगदी सारखा ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्‌झचाही मिळतो. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये ८ ची निवड करून १६ च्या बोर्डावर प्रोग्राम चढवला, तर यूएसबीचं घड्याळ चुकतं आणि संगणकाला बोर्ड दिसेनासा होतो. बोर्ड मेला असं समजून तो टाकून देणारे बरेच आहेत. तो मेलेला नसतो. रीसेटची पिन ग्राउंडला झटपट दोनदा टेकवली की बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्राम चढवून घेणारा चिपमधला छोटा प्रोग्राम, सुमारे ८ सेकंद जागा राहतो; तेवढ्यात योग्य निवड करून प्रोग्राम पुन्हा चढवायचा. स्पार्कफनची बोर्ड-यादी उतरवायची नसेल, तर ५ व्होल्टच्या बोर्डाला ‘लिओनार्डो’ ही निवड चालते.

आता खरा प्रश्न, यात मावतं किती? वापरता येतील अशा पिना १८. कागदावर कमी वाटतात, पण दोन डेकचा (एक डेक म्हणजे एक वाजणारं गाणं) सरळ मिक्सर त्यात नेमका बसतो. दर डेकला गेन, हाय, मिड, लो आणि फिल्टर असे पाच नॉब, म्हणजे १०. त्यात दोन व्हॉल्यूम फेडर, दोन पिच फेडर, एक क्रॉसफेडर आणि हेडफोन मिक्सचा एक नॉब मिळवा, झाले १६. हे सगळे ४०६७ या एकाच १६ वाटांच्या मल्टिप्लेक्सरवर, म्हणजे सोळा सिग्नल आळीपाळीने एकाच पिनेवर आणणाऱ्या चिपवर, येतात. त्याला चार निवड-पिना आणि एक अ‍ॅनालॉग पिन, एकूण पाच. बटणं १६: दर डेकला प्ले, क्यू, सिंक, लोड आणि चार हॉट क्यू, म्हणजे गाण्यातल्या ठरवलेल्या जागेवर उडी मारणारी बटणं. ती ४×४ जाळीत बसवली की आठ पिना. गाणी शोधायला एक आणि लूपला एक असे दोन एन्कोडर (न अडता गोल फिरत राहणारे नॉब), चार पिना. झाल्या १७. उरलेल्या एका पिनेवर एलईडीची पट्टी घ्या, नाहीतर जाळीला पाचवा स्तंभ देऊन एन्कोडरचं दाबायचं बटण वापरात आणा. दोन्ही एकदम होत नाही. आमचं मत बटणाच्या बाजूने, कारण गाणं शोधून तिथेच दाबून लोड करण्याची सोय एकदा हाताला लागली की सुटत नाही.

४०६७ चे तयार छोटे बोर्ड मिळतात. त्यांची ‘ईएन’ पिन ग्राउंडला जोडायची राहिली, तर काही बोर्डांवर सगळेच नॉब वेड्यासारखे नाचतात आणि दोष प्रोग्राममध्ये शोधला जातो. आधी ती तार बघा.

नॉब घ्यायचे १० किलोओहमचे, लिनिअर, म्हणजे ‘बी१०के’ छापलेले. ‘ए’ छापलेले लॉगरिदमिक असतात, अ‍ॅम्प्लिफायरच्या व्हॉल्यूमसाठीचे. त्यांनी ईक्यू केलं तर अर्ध्या फेरीपर्यंत फारसं काही घडत नाही आणि मग एकदम सगळं घडतं. छपाईवर विश्वास नसेल तर मल्टिमीटर लावा. नॉब बरोबर मध्यावर असताना दोन्ही बाजूंचा रोध साधारण सारखा यायला हवा.

१०० किलोओहमचे स्वस्त मिळाले म्हणून घेऊ नका. या चिपच्या एडीसीला, म्हणजे नॉबचं व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या भागाला, समोरचा रोध १० किलोओहमच्या आत लागतो. १० किलोओहमच्या नॉबचा मध्यावरचा परिणामी रोध अडीच किलोओहम पडतो, १०० च्या नॉबचा २५. मल्टिप्लेक्सरने वाट बदलली की आतल्या छोट्या कपॅसिटरला नवं व्होल्टेज गाठायला वेळच मिळत नाही आणि शेजारच्या नॉबची सावली या नॉबवर पडते: डावा बास फिरवला की उजवा थोडासा हलतो. १० किलोओहमच्या नॉबांनाही वाट बदलल्यावरचं पहिलं वाचन फेकून दुसरं घेणं हिताचं.

थरथर हा दुसरा नेहमीचा रोग. एडीसी ० ते १०२३ देतो, मिडीला ० ते १२७ हवं, म्हणजे आठ पायऱ्यांची एक पायरी. नॉब नेमका दोन पायऱ्यांच्या सीमेवर थांबला, तर हात न लावताही ६३, ६४, ६३, ६४ असा संदेशांचा पाऊस सुरू राहतो. साधी सरासरी काढून तो पूर्ण थांबत नाही. आधीच्या पाठवलेल्या आकड्यापासून मूळ वाचन ठरावीक अंतर सरकल्याशिवाय नवा आकडा पाठवायचाच नाही, ही अट लागते. ‘कंट्रोल सरफेस’ नावाच्या मोफत लायब्ररीत ही गाळणी आणि ४०६७ ची सोय तयार आहे. नुसत्या ‘मिडीयूएसबी’ या साध्या लायब्ररीवर सगळं हाताने लिहिण्यात अर्थ नाही.

नॉबांना ५ व्होल्ट बोर्डाच्याच ‘व्हीसीसी’ पिनेवरून द्या. यूएसबीचं व्होल्टेज ४.८ वर आलं तरी एडीसीचा संदर्भही तेवढाच खाली येतो आणि वाचन जागेवर राहतं. वेगळ्या अ‍ॅडॉप्टरने नॉबांना वीज दिली की हा फायदा गेला.

बटणांच्या जाळीत प्रत्येक बटणाला एक १एन४१४८ डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, हवाच. डायोड नसताना चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले, तर चौथंही दाबल्यासारखं दिसतं. दोन हॉट क्यू धरून प्ले दाबला आणि दुसराच क्यू वाजला, तर कारण हेच. काळ्या पट्टीची दिशा सोळाही डायोडांना एकच ठेवा. एक उलटा लागला तर तेवढंच बटण मुकं राहतं, त्यामुळे शोधणं सोपं आहे. बटण दाबल्यावर पाचेक मिलिसेकंद पुढचे बदल दुर्लक्षित करा. आर्केड बटणांच्या मायक्रोस्विचमध्ये टिप्पे पडतात, म्हणजे एका दाबात संपर्क अनेकदा जुळतो-तुटतो.

गाण्याचा वेग बदलणाऱ्या पिच फेडरला मात्र सात बिटांत, म्हणजे ० ते १२७ मध्ये, भागवू नये. ±८ टक्क्यांची कक्षा १२७ पायऱ्यांत वाटली, तर एक पायरी ०.१२६ टक्क्यांची होते, म्हणजे १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ ठोक्यांच्या) गाण्यावर ०.१६ बीपीएम. कानाने बीट जुळवणाऱ्याला ही पायरी फार मोठी. दोन गाणी एकमेकांभोवती घसरत राहतात. तोच फेडर पिच बेंडच्या १४ बिटी संदेशावर नेला, तर एडीसीचे दहाही बिट कामी येतात आणि पायरी ०.०२ बीपीएमवर येते. डावा डेक मिडी चॅनल १ वर, उजवा २ वर. जोडणी तीच, फरक प्रोग्राममधल्या एका ओळीचा. बाजारातल्या काही स्वस्त कंट्रोलरांशी तुलना करायची तर हातबांधणीचा हा सर्वांत ठळक फायदा आहे.

स्वस्त कार्बन फेडरच्या नावाने नाकं मुरडली जातात, पण इथे फेडरमधून आवाज जातच नाही. त्यामुळे खरखर ऐकू येत नाही. फेडर झिजला की आकडा उड्या मारतो, एवढंच. ईक्यू-व्हॉल्यूमला ते पुष्कळ चालतात. क्रॉसफेडरवर कटिंग करणाऱ्याने मात्र तो स्क्रूने काढता येईल आणि प्लगने सुटेल असाच बसवावा. बसवताना एम३ चे स्क्रू आखूड घ्या. लांब स्क्रूचं टोक आत घुसून सरकपट्टीला अडतं आणि फेडर एका जागी अडकायला लागतो. वरचं पॅनेल ३ मिलिमीटरचं ठीक. ५ मिलिमीटरच्या एमडीएफमध्ये बहुतेक नॉबांच्या मानेला नट पकडायला आटेच उरत नाहीत.

एलईडीपासून या बोर्डाच्या मर्यादा सुरू होतात. डब्ल्यूएस२८१२ या रंगीत एलईडीचा एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपिअर ओढतो. सोळा दिवे म्हणजे ९६०, आणि साध्या यूएसबी २ पोर्टाची हमी ५०० ची. प्रोग्राममध्ये चमक पाव ठेवली की भागतं, आणि अंधाऱ्या जागी तेवढी पुरतेही. दिव्यांची ग्राउंडची तार नॉबांच्या तारेतून फिरवून आणू नका. दिवे पेटल्या-विझल्याबरोबर त्या तारेवरचं व्होल्टेज हलतं आणि नॉब आपोआप सरकल्यासारखे दिसतात. दोन्ही ग्राउंड वेगवेगळ्या तारांनी थेट बोर्डापर्यंत न्या.

आणि जॉग व्हील, म्हणजे गाणं हाताने पुढे-मागे फिरवायची तबकडी. इथे प्रो मायक्रोला पूर्ण गुण देता येत नाहीत. साधा ईसी११ एन्कोडर गाणी शोधायला छान, पण जॉगला फार ढोबळ. त्यासाठी ६०० पल्सचा ऑप्टिकल एन्कोडर लागतो, म्हणजे एका फेरीत २,४०० मोजण्या. रेकॉर्डच्या, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या, वेगाला सेकंदाला सुमारे १,३३३ मोजण्या होतात; त्या हा बोर्ड सहज झेलतो. हाताने जोरात फिरवून सेकंदाला चार फेऱ्या झाल्या की ९,६०० होतात, म्हणजे दर १०४ मायक्रोसेकंदाला एक. तीही वेळ निभते, पण दिवे नसतील तरच. डब्ल्यूएस२८१२ ला माहिती पाठवताना दर दिव्यामागे ३० मायक्रोसेकंद इंटरप्ट, म्हणजे चिपला हातातलं काम थांबवून मोजायला लावणारे इशारे, बंद राहतात. १६ दिव्यांचे ४८० झाले. तेवढ्यात चार मोजण्या हरवतात, आणि मागे ओढलेली तबकडी पुढे सोडल्यावर गाणं आधीच्या जागी परतत नाही. जॉग हवा तर या बोर्डावर दिवे नकोत, किंवा जॉगला दुसरा प्रो मायक्रो द्या. एन्कोडरच्या तारा ०, १, २, ३, ७ याच पिनांवर घ्या, कारण बाहेरचे इंटरप्ट तिथेच आहेत. प्रत्येक मोजणीला संदेश पाठवू नका. मिलिसेकंदभर साठवून ६४ च्या वर-खाली फरक पाठवा. मिक्स (Mixxx) या मोफत डीजे सॉफ्टवेअरच्या स्क्रॅचएनेबल या आज्ञेत फेरीमागच्या मोजण्यांचा आकडा २,४०० भरायचा. तिथे ६०० भरला तर तबकडी चौपट वेगाने फिरल्यासारखी वाटते.

जॉग आणि दिवे दोन्ही एकाच बोर्डावर हवेत, तर रास्पबेरी पाय पिको घ्यावा. त्याची पीआयओ ही स्वतंत्र यंत्रणा मुख्य प्रोसेसरला हात न लावता एन्कोडर मोजते आणि दिवेही चालवते. बदल्यात पिको ३.३ व्होल्टचा. ऑप्टिकल एन्कोडरला वीज ५ व्होल्टची दिली, तरी त्याच्या सिग्नलच्या तारांना पुल-अप (सिग्नल वर धरून ठेवणारा रोध) ३.३ वरच द्या आणि पिको जोडण्याआधी मीटरने तपासा. ५ व्होल्टच्या दिव्यांना ३.३ चा सिग्नल कधी कळतो, कधी नाही. मध्ये सिग्नल ५ व्होल्टवर नेणारी ७४एएचसीटी१२५ चिप टाकली की प्रश्न मिटतो.

उशिराबद्दल, म्हणजे लेटन्सीबद्दल, या बोर्डाला उगाच दोष दिला जातो. बोर्डाकडून संदेश एक-दोन मिलिसेकंदांत निघतो. लॅपटॉपवर ऑडिओ बफर २५६ नमुन्यांचा असेल, तर ५.८ मिलिसेकंद एकट्या तिथेच जातात. १०२४ चा ठेवला असेल तर २३. आधी ते कमी करा.

सर्वांत कच्चा भाग मायक्रो यूएसबीचं सॉकेट. ते बोर्डाच्या फक्त पृष्ठभागावर चिकटवलेलं असतं, आणि केबलला एक हिसका बसला की तांब्याच्या पट्टीसकट उखडतं. मिरवणुकीत ट्रॉलीवर बेस स्पीकरांच्या भिंतीशेजारी यंत्र ठेवायचं असेल, तर हिसका बसायचीही गरज नाही, थरथर पुरते. बोर्डाचं सॉकेट पेटीच्या बाहेर काढूच नका. पॅनेलवर बसणारं चौकोनी यूएसबी-बी सॉकेट घ्या, आतून आखूड केबलने बोर्डाला जोडा आणि आतल्या जोडावर इपॉक्सी लावा. यूएसबी-सीच्या नकला जास्त टिकाऊ आहेत, पण काहींवर सीसी या जोडणी ओळखू देणाऱ्या पिनांचे ५.१ किलोओहमचे दोन रोध नसतात. असा बोर्ड दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर उठतच नाही, ए-टू-सी केबलवर मात्र चालतो. नव्या लॅपटॉपवाल्यांनी दुकानातच दोन्ही केबली लावून बघाव्यात.

शेवटचं काम नावाचं. असा प्रत्येक बोर्ड संगणकाला एकाच नावाने दिसतो. जॉगसाठी दुसरा बोर्ड लावला की दोघांची मॅपिंग (कोणता नॉब काय करतो ती जुळणी) अदलाबदल होऊ शकते. बोर्ड्‌स.टीएक्सटी फाइलमध्ये यूएसबी प्रॉडक्टचं नाव बदलून प्रोग्राम पुन्हा चढवा, आणि मॅपिंग त्यानंतरच करायला घ्या.