इलेक्ट्रिक बाईकचं चाक आणि ब्रेक : गोव्यात एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी घेऊन आता आठ-नऊ महिने होत आले आणि त्यात अख्खा पावसाळा येऊन गेला, म्हणून आता लिहितोय. डिलिव्हरीनंतर आठवड्याभरात लिहिलेले रिव्ह्यू भरपूर वाचले होते, सगळे पिकअप, रेंज आणि डिस्प्लेबद्दल. चाक आणि ब्रेकबद्दल कुणी काही लिहीत नाही, आणि मला जो त्रास झाला तो सगळा तिथेच. बॅटरी, मोटर, चार्जर यांनी आजपर्यंत एकदाही दगा दिलेला नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खालचं बरंचसं कुठल्याही इलेक्ट्रिक बाईकला लागू पडेल.

गाडी कशी आहे ते आधी सांगतो. मोटर मध्ये बसवलेली आहे, तिथून चेनने मागचं चाक फिरतं, पुढे-मागे दोन्हीकडे डिस्क, अलॉय व्हील, ट्यूबलेस टायर. वापर रोज, डिचोलीहून मये, तिथून चोडण, फेरीबोटीने रायबंदर आणि मग पणजी. म्हणजे एकाच रस्त्यात खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ, पावसात त्याच धुळीचा चिखल, आणि फेरीच्या रॅम्पवर मांडवीचं खारं पाणी. चाकाची आणि ब्रेकची परीक्षा घ्यायला यापेक्षा कडक रस्ता शोधून सापडणार नाही.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी रेंज कमी व्हायला लागली. एका चार्जमध्ये शंभरेक किलोमीटर आरामात मिळायचे ते सत्तर-पंचाहत्तरवर आले, डिस्प्लेवर विजेचा खर्च म्हणून किलोमीटरमागे ३५ वॉट-अवरच्या आसपास दिसायचे ते ४५ च्या पुढे गेले. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणाले पावसात असं होतं, बॅटरी थंड पडते, सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या. आता गोव्यात ऑगस्टमध्ये सकाळी सुद्धा २४-२५ डिग्री असतात, त्यात बॅटरी थंड पडून चौथा हिस्सा रेंज जाते हे मला पटेना. अपडेट केलं, फरक शून्य.

मग गाडी आमच्या गावातल्या मेस्त्रींकडे नेली. ते आयुष्यभर पेट्रोलच्याच गाड्या करत आले, इलेक्ट्रिकला हात लावायला आधी तयार नव्हते. मी रेंजचं रडगाणं सांगत होतो तर मध्येच म्हणाले, "बॅटरीचें मागीर, पयलीं चाक घुंवडावन पळय." म्हणजे बॅटरीचं नंतर, आधी चाक फिरवून बघ. गाडी मेन स्टँडवर घेतली, चावी काढली, आणि मागचं चाक हाताने फिरवलं. अर्धा फेरा पण पूर्ण झाला नाही, घासत जाऊन थांबलं. मध्ये मोटर असलेल्या गाडीत मागचं चाक पेट्रोलच्या गाडीइतकं मोकळं फिरत नाही हे खरं, कारण न्यूट्रल नसतं आणि चेन मोटरलाही फिरवते, पण हे त्याच्यापलीकडचं होतं आणि आवाज सरळ डिस्कपासून येत होता.

कॅलिपर, म्हणजे डिस्कला पॅडने चिमट्यासारखा धरणारा भाग, खोलल्यावर सगळं समोर आलं. कॅलिपर ज्या दोन पिनांवर पुढे-मागे सरकतो त्यातली खालची पिन जाम. पिनेवरचं रबरी टोपण, म्हणजे बूट, एका बाजूने उघडा पडलेला, आत पाणी गेलेलं, आणि पिनेच्या भोकात ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी, दमट हवेत साठवलेल्या मिठासारखी घट्ट बसलेली. मेस्त्रींनी पिन आधी स्प्रे मारून, मग पान्याने थोडी थोडी फिरवत बाहेर काढली, घाई केली असती तर तुटली असती. पॅड बघितले तर एक जवळजवळ नवा आणि दुसरा पत्र्याला टेकायला आलेला. असे दोन पॅड वेगवेगळे झिजलेले दिसले की पिन किंवा पिस्टन अडकलाय हे नक्की समजा, नुसते पॅड बदलून काही उपयोग नाही, नवे पण तसेच जातील.

पिन साफ करून परत बसवताना सिलिकॉन ग्रीसच लावायचं. साधं काळं-पिवळं पेट्रोलियम ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. आणि हे सगळं करताना डिस्कला किंवा पॅडला तेलाचा हात लागू द्यायचा नाही, डिस्क ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. त्या दिवसानंतर आकडा पुन्हा ३५-३६ वर आला. बॅटरी तीच, सॉफ्टवेअर तेच.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट ओरडून सांगावीशी वाटते. इलेक्ट्रिक बाईकची रेंज अचानक पडली तर बॅटरीवर संशय घेण्याआधी दोन्ही चाकं उचलून हाताने फिरवून बघा. पेट्रोलच्या गाडीत ब्रेक थोडा घासत असला तर मायलेज किंचित कमी होतं आणि कळत पण नाही, इथे तो आकडा डिस्प्लेवर रोज डोळ्यांसमोर असतो, पण सगळे त्याचा अर्थ बॅटरीशी लावतात. फक्त चाक फिरवताना चावी बंद करून खिशात ठेवा. ही गाडी चालू आहे की बंद हे आवाजावरून कळत नाही, स्टँडवर असताना चुकून थ्रॉटलला हात लागला आणि बोट चेनजवळ असलं तर विचार पण करवत नाही.

आता हे इलेक्ट्रिकमध्ये जास्त का होतं, तर रीजनमुळे. थ्रॉटल सोडला की मोटर जनरेटरसारखी चालते, गाडीचा वेग कमी होतो आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. मस्त आहे, सवय लागली की मागचा ब्रेक तुम्ही दिवसभरात जेमतेम दोनदा वापरता. आणि तिथेच गोम आहे, वापरला नाही की पिस्टन हलत नाही, पिन सरकत नाही, डिस्कवरचा गंज पुसला जात नाही. त्यात आपली हवा खारी आणि पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत तिथे कॅलिपर काय वाळणार. म्हणून आता मी रीजन सगळ्यात खालच्या लेव्हलवर ठेवून घरी पोचायच्या आधी रिकाम्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट दाबून गाडी थांबवतो, ओली डिस्क सुकते पण आणि सगळे पार्ट हलतात पण. रॅम्पवर चाकांना पाणी लागलं असेल तर त्या दिवशी साध्या पाण्याने कॅलिपरवर बादली ओततो. प्रेशर वॉशर नको. आयपी ६७ म्हणजे मीटरभर स्थिर पाण्यात अर्धा तास टिकेल एवढीच खात्री, जवळून मारलेला फवारा हा त्यात येत नाही, आणि चाकाच्या बेअरिंगच्या सीलमध्ये तर तो सरळ आत घुसतो.

रीजनची अजून एक गोष्ट नव्या लोकांना कुणी सांगत नाही. बॅटरी फुल्ल असली की रीजन लागत नाही किंवा फार कमी लागतं, कारण वीज ठेवायला आत जागाच नसते. आमचं घर चढावर, सकाळी १०० टक्के चार्ज करून निघालं की पहिल्याच उतारावर थ्रॉटल सोडला तरी गाडी पळतच राहते. संध्याकाळी त्याच गाडीची सवय वेगळी असते, मग सकाळी वाटतं ब्रेक फेल झाला की काय. ब्रेक ठीक असतो. मी आता रोजचं चार्जिंग ८५-९० वर थांबवतो. आणि पावसात रस्त्यावर चिखल असेल तर रीजन जास्त ठेवू नका, तो फक्त मागच्या चाकावर लागतो आणि मागचं चाक सरकायला वेळ लागत नाही.

दुसरा मोठा प्रॉब्लेम फेरीवर झाला. रायबंदरला बोट लागली, सगळ्या गाड्या उतरायला लागल्या, आणि माझी गाडी ऑन, रेडी दाखवतेय, थ्रॉटल दिला तर काहीच नाही. मागचे हॉर्न वाजवतायत. ढकलत वर काढली. बाजूला उभी करून बघतो तर ब्रेक न दाबता मागचा ब्रेक लाईट पेटलेला. लगेच ट्यूब पेटली, ब्रेक लिव्हरचा स्विच. या गाड्यांमध्ये ब्रेक दाबला की मोटरची पॉवर कट होते, स्विच पाण्याने किंवा मातीने अडकला की गाडीला वाटतं ब्रेक अजून दाबलेलाच आहे. लिव्हर पाच-सहा वेळा फटाफट सोडला-दाबला आणि लाईट विझला, गाडी चालली. नंतर स्विच आणि त्याचं कनेक्टर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, आत पाण्याचा थेंब सरळ दिसत होता. तर गाडी हलत नसेल तर टो करायला बोलावण्याआधी ब्रेक लाईट बघा, पुढचा लिव्हर आणि मागचं पेडल दोन्ही स्विच वेगवेगळे असतात, दोन्ही तपासा.

ब्रेक घासतोय पण पिन मोकळी आहे असं असेल तर अजून एक चाचणी मेस्त्रींनी शिकवली. चाक जाम असताना कॅलिपरचा ब्लीड निपल, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू, किंचित सैल करायचा. थोडं ऑइल बाहेर येऊन चाक सुटलं तर प्रेशर लाईनमध्ये अडकलंय, आणि नाही सुटलं तर अडचण पिन-पिस्टनमध्ये. प्रेशर अडकायचं नेहमीचं कारण म्हणजे लिव्हरला किंवा पेडलला प्लेच (सुरुवातीचा थोडा सैलपणा) न ठेवणं. मास्टर सिलेंडरमधलं, म्हणजे लिव्हर-पेडलने दाबल्या जाणाऱ्या ऑइलच्या पंपातलं, बारीक छिद्र झाकलेलं राहतं, ऑइल गरम होऊन फुगतं, त्याला परत जायला वाट मिळत नाही, आणि ब्रेक आपोआप आवळत जातो. म्हणजे निघताना गाडी ठीक आणि दहा किलोमीटरनंतर जड. असं लक्षण दिसलं की पेडलचा प्ले बघायचा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ या प्रकारचं ऑइल नवं असताना किमान २३० डिग्रीला उकळायला हवं असं स्टँडर्ड आहे, पाणी शोषलेल्याला तीच मर्यादा १५५ वर येते. साधारणपणे दोन वर्षांनी बदला म्हणतात, मी इथल्या हवेत दर वर्षी चवथीनंतर बदलणार आहे, खर्च फार नाही.

व्हायब्रेशनबद्दल थोडं, कारण यात लोक सगळं एकत्र करतात. फक्त ब्रेक दाबल्यावर लिव्हर बोटाखाली धडधडत असेल तर डिस्क. ब्रेक न दाबता ठराविक स्पीडला हँडल थरथरत असेल तर चाक किंवा टायर. स्पीडबरोबर वाढत जाणारी घरघर असेल आणि वळणावर तिचा आवाज बदलत असेल तर बेअरिंग. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे हे सगळं इलेक्ट्रिकवर फार लवकर ऐकू येतं, हा या गाडीचा मोठा फायदा आहे, ऐकायची सवय ठेवा. माझ्या पुढच्या रिमला पुलाच्या जॉइंटजवळच्या खड्ड्यात मार लागला होता. फोर्कला एक केबल टाय बांधली, तिचं टोक रिमच्या अगदी जवळ आणलं आणि चाक हळू फिरवलं, एका जागी टोक रिमला टेकायचं आणि बाकी फट दिसायची. त्याच जागी टायरची हवा पण बारीक जात होती, साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे आले. बाकी बेअरिंगसाठी चाक उचलून वर-खाली धरून हलवून बघा, टकटक लागली तर बदला. डिस्क किती झिजेपर्यंत चालेल ते तिच्यावरच कोरलेलं असतं, मिनिमम जाडीचा आकडा, मातीखाली असतो, पुसला की दिसतो.

चेन सैल असेल तर रीजन लागताना आणि सुटताना कट् कट् झटका बसतो, कारण ताण एकदा वरच्या बाजूला आणि एकदा खालच्या बाजूला जातो. चेन ताणल्यावर स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का ते बघायलाच हवं, चाक तिरकं राहिलं की टायर एकाच बाजूने जातो आणि कॅलिपर पण तिरका बसतो. एकदा सर्व्हिस सेंटरमधून गाडी अशीच तिरकी परत आली होती, वर ॲक्सल नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळलेला नव्हता. ते काम समोर उभं राहून करून घ्या, लाज वाटून घेऊ नका, ब्रेकचा प्रश्न आहे.

गाडी मी ठेवणार आहे, घेतल्याचा आनंद आहे, रोजचा खर्च पेट्रोलच्या मानाने नगण्य आणि फेरीच्या लाईनमध्ये उभं असताना धूर नाही. घ्यायचा विचार असेल तर शोरूममध्ये रेंजबद्दल विचारून झालं की हे पण विचारा : पॅड आणि कॅलिपरचं पिन-बूट किट गोव्यात स्टॉकला आहे का की बाहेरून मागवावं लागतं, आणि बाहेरच्या मेस्त्रीने चाक-ब्रेकला हात लावला तर मोटर-बॅटरीची वॉरंटी राहते का. उत्तर लेखी घ्या. मला बूटसाठी तीन आठवडे थांबावं लागलं, तोपर्यंत मेस्त्रींनी दुसऱ्या एका जुन्या गाडीचा त्याच मापाचा बूट बसवून दिला आणि तोच अजून चालतोय.