ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गळती: ऑइल भरत राहावे, सील बदलावेत की गिअरबॉक्स उतरवावा?

जुन्या गाडीखाली लालसर डाग दिसू लागला की मालकासमोर साधारणपणे चार मार्ग असतात: कमी झालेले ऑइल वेळोवेळी भरत राहणे, गळती थांबवणारे द्रावण ऑइलमध्ये मिसळणे, गिअरबॉक्स जागेवर ठेवून बाहेरचे सील व गॅस्केट बदलणे, किंवा गिअरबॉक्स खाली उतरवून काम करणे. या मार्गांची तुलना बहुतेक वेळा केवळ खर्चावरून केली जाते आणि निर्णय तिथेच चुकतो. डाग किती मोठा आहे याला फारसे महत्त्व नाही. ऑइल नेमके कुठून येते आणि गिअरबॉक्स आतून किती शाबूत आहे, हे आधी कळले पाहिजे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलला मुद्दाम लाल रंग दिलेला असतो, पण वापराने ते तपकिरी होते. शिवाय अनेक जुन्या गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही हेच ऑइल असते, त्यामुळे लाल थेंब हा गिअरबॉक्सविरुद्धचा पुरावा ठरत नाही. गाडी चालताना वारा ऑइल मागे ढकलत नेतो, म्हणून थेंब जिथे पडतो तिथे गळतीचा उगम क्वचितच असतो. खालचा भाग डीग्रीझरने स्वच्छ धुऊन, गाडी थोडी चालवून, सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधावी. तरीही उलगडा झाला नाही तर अतिनील प्रकाशात चमकणारा रंग ऑइलमध्ये टाकून पाहता येतो. बेलहाउसिंगच्या, म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या कवचाच्या, तळातून ऑइल टपकत असेल तर ते इंजिनच्या मागच्या सीलचे की गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचे, हे पांढऱ्या कागदावर थेंब घेऊन, रंग व वास पाहून ठरवावे, कारण दोन्ही सील जवळजवळ समोरासमोर असतात.

डाग न पडता ऑइल कमी होण्याचे दोन प्रकार मात्र याहून घातक आहेत. टर्बो-हायड्रामॅटिक 350 किंवा फोर्ड सी-6 यांसारख्या जुन्या गिअरबॉक्सवर व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा, गिअरबॉक्समधील दाब ठरवणारा भाग) असतो; त्याचा पडदा फाटला की इंजिन गिअरबॉक्सचे ऑइल आत ओढून जाळून टाकते, सायलेन्सरमधून पांढरट धूर येतो आणि जमीन कोरडी राहते. मॉड्युलेटरवरची व्हॅक्यूम नळी काढून आत ओलसर ऑइल दिसले की निदान पूर्ण झाले आणि दुरुस्तीही एका सुट्या भागाची. दुसरा प्रकार रेडिएटरच्या आत बसवलेल्या ऑइल कूलरचा. तो आतून फुटला की कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळून गुलाबी, दुधाळ मिश्रण तयार होते. क्लचवरील कागदी अस्तर हे पाणी शोषून घेते आणि ते चिकटवणारा गोंद सुटू लागतो. असे मिश्रण दिसल्यास गाडी चालवणे त्याच क्षणी थांबवावे. इथे चार मार्गांची तुलना करायला वेळच उरत नाही.

ऑइल भरत राहण्याच्या मार्गाला कमीपणा मानण्याचे कारण नाही. गळती मंद असेल आणि डिपस्टिकवरची पातळी दोन खुणांच्या मध्ये अनेक महिने टिकत असेल, तर गाडीच्या उरलेल्या आयुष्याचा विचार करता हा शहाणपणाचा पर्याय असू शकतो. अट एकच: पातळी नियमितपणे आणि योग्य पद्धतीने तपासली गेली पाहिजे. बहुतेक गिअरबॉक्समध्ये ती ऑइल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, सपाट जागी पाहतात. क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवावा लागतो, तर होंडाच्या अनेक गाड्यांत गरम इंजिन बंद केल्यावर साधारण दीड मिनिटाच्या आत डिपस्टिक काढावी लागते. पातळी खाली गेली की पंप हवा ओढतो, दाब पडतो, गिअर उशिरा लागतो आणि घसरणारे क्लच जळू लागतात. म्हणजे काटकसरीच्या नादात सील वाचतो व गिअरबॉक्स जातो. जास्त भरणेही तितकेच वाईट, कारण फिरणाऱ्या भागांनी घुसळलेल्या ऑइलला फेस येतो आणि ते ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या छिद्रातून) बाहेर पडते. मग मालकाला गळती वाढल्याचा भास होतो आणि तो आणखी ऑइल ओततो. ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडत असेल, तर आगीच्या धोक्यामुळे हा पर्याय आधीच बाद समजावा.

गळतीरोधक द्रावणाबद्दल टोकाची मते ऐकू येतात. वस्तुस्थिती मधली आहे. ही द्रावणे वयामुळे कडक व आक्रसलेल्या रबरी सीलला मऊ करून किंचित फुगवतात. त्यामुळे फिरत्या शाफ्टवरचा कडक झालेला पण न फाटलेला सील काही दिवस चालवल्यानंतर पुन्हा धरू शकतो. फाटलेला सील, दबलेले कॉर्कचे गॅस्केट, गंजलेली कूलर नळी किंवा झिजलेला बुश (शाफ्टला आधार देणारी धातूची नळी) यांवर त्यांचा काहीही उपयोग नाही, आणि पुष्कळशा गळत्या नेमक्या याच असतात. सील गरजेपेक्षा मऊ होण्याचा धोका वेगळाच. माझ्या मते हे द्रावण एकाच परिस्थितीत वापरावे: गळती पुढच्या सीलची आहे हे नक्की कळले आहे, गिअरबॉक्स उतरवण्याइतकी गाडीची किंमत उरलेली नाही आणि मालकाला काही काळच ती चालवायची आहे. सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी सलग बदलत्या गुणोत्तराच्या) गिअरबॉक्समध्ये, बाटलीवर तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर, ते मुळीच घालू नये.

खरा लाभ बहुधा तिसऱ्या मार्गात असतो. ऑइल पॅनचे (गिअरबॉक्सच्या तळाशी ऑइल साठणाऱ्या भांड्याचे) गॅस्केट, कूलरच्या नळ्या, गिअर लिव्हरच्या शाफ्टचा सील, मागचा आउटपुट सील, डिपस्टिकच्या नळीचे रबर, स्पीड सेन्सरची ओ-रिंग ही सगळी कामे गिअरबॉक्स न उतरवता होतात. पॅनच्या बाबतीत नव्या गॅस्केटपेक्षा बोल्ट कसे आवळले जातात याला जास्त महत्त्व आहे. बहुतेक पॅनच्या बोल्टना 10 न्यूटन-मीटरच्या आसपासच ताण लागतो. गळती दिसली की बोल्ट आणखी आवळण्याच्या सवयीने पॅनची कड बोल्टच्या जागी वाकते आणि नवे गॅस्केटही गळू लागते. अशी कड आधी लाकडी ठोकळ्यावर ठेवून सरळ करावी लागते. गॅस्केटवर सिलिकॉनचा जाड थर देण्याची पद्धतही टाळलेली बरी, कारण आत सुटलेले त्याचे तुकडे फिल्टरच्या जाळीत जाऊन बसतात. पॅन उतरलाच आहे तर फिल्टर बदलावा आणि पॅनमधील चुंबक पाहावा. त्यावर करड्या रंगाची बारीक पेस्ट असणे सामान्य आहे. धातूच्या कपच्या आणि जळका वास मात्र आतील झिजेची साक्ष देतात, आणि मग बाहेरचे सील बदलण्यावर पैसे घालण्यात अर्थ राहत नाही.

आउटपुट सील बदलताना ज्या भागावर तो घासतो तिथे नख फिरवून पाहावे. नख अडकेल अशी खाच पडली असेल तर पातळ स्टीलची स्लीव्ह बसवावी लागते. कूलरची रबरी नळी ऑइल व उष्णता सहन करणारी, याच कामासाठीची असावी. मर्सिडीजच्या 722.6 गिअरबॉक्समध्ये वायरिंगच्या जोडणीतील ओ-रिंग गळते आणि ऑइल तारांच्या आतून चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचते, म्हणून दिसायला क्षुल्लक असलेली ही गळती लगेच थांबवावी. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीतच ऑइल टपकत असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरमधले (इंजिनचा जोर ऑइलद्वारे गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागातले) ऑइल हळूहळू पॅनमध्ये उतरून पातळी लिव्हरच्या शाफ्टच्या सीलच्या वर गेलेली असण्याची शक्यता मोठी. तिथे लिव्हरच्या शाफ्टचा सील बदलणे पुरते.

पुढचा सील बदलणे हे स्वतः मोठे काम नाही, परंतु त्यासाठी पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्यामुळे केवळ सील बदलून गिअरबॉक्स परत चढवणे ही मोठीच चूक ठरते. पंपातील बुश झिजला असेल तर कन्व्हर्टरचा दांडा डळमळतो आणि नवा सीलही थोड्याच काळात गळतो. म्हणून बुश, पंपाची ओ-रिंग व इंजिनचा मागचा सील त्याच वेळी बदलावेत आणि कन्व्हर्टरच्या दांड्याचा पृष्ठभाग तपासावा. बसवताना कन्व्हर्टर पंपात पूर्ण आत गेला आहे याची खात्री न करता बोल्टच्या जोरावर गिअरबॉक्स इंजिनकडे ओढला, तर पंपच फुटतो. हे काम ज्यांनी वारंवार केले आहे त्यांच्याकडेच द्यावे.

संपूर्ण ओव्हरहॉल किंवा दुसरा गिअरबॉक्स हा केवळ गळतीवरचा उपाय नव्हे. गिअर घसरत असतील, लागताना धक्का बसत असेल, ऑइल काळपट व जळके असेल, तरच त्याचा विचार करावा. मग पुढच्या सीलसाठी वेगळी मजुरी मोजण्यापेक्षा एकदाच सगळे उघडणे किफायतशीर पडते. वापरलेला गिअरबॉक्स घेतल्यास त्याचे पुढचे व मागचे सील चढवण्यापूर्वी बदलून घ्यावेत, कारण त्या वेळी ते हाताशी असतात.

दुरुस्तीनंतर ऑइल भरताना पॅनमधून निघाले तेवढेच मोजून घालावे. पॅन उतरवल्यावर एकूण ऑइलच्या साधारण एक तृतीयांश ते निम्मेच बाहेर येते, बाकीचे मुख्यतः कन्व्हर्टरमध्ये राहते. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये पातळी तापमानावरून ठरते. उदाहरणार्थ झेडएफ 6 एचपी मालिकेत इंजिन चालू असताना ऑइल 30 ते 50 अंश सेल्सिअस असतानाच भरणीचा प्लग उघडून पाहतात. बेलहाउसिंगमध्ये साचलेले जुने ऑइल दुरुस्तीनंतरही काही दिवस टपकत राहते, म्हणून चढवण्यापूर्वी ते आतून पुसून घ्यावे आणि पहिला थेंब पाहून काम फसल्याचा निष्कर्ष काढण्याआधी तळ पुन्हा धुऊन आठवडाभर गाडी चालवून पाहावी.