औंधचं श्री भवानी संग्रहालय: अर्धा दिवस हाताशी ठेवा

सातारा जिल्ह्यातल्या औंधला डोंगरावरच्या यमाईचं दर्शन घेऊन उतरताना वीस मिनिटांत संग्रहालय उरकायचं, असा बेत असेल तर तो आधी मोडा. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ साली उभारलेल्या या संग्रहाला किमान तीन तास द्यायला हवेत.

सुरुवात लघुचित्रांपासून करा. बहुतेकजण आधी मोठ्या तैलचित्रांपुढे आणि युरोपीय कलाकृतींच्या प्रतिकृतींपुढे रमतात, मग बारीक काम बघायला डोळ्यांत त्राण उरत नाही. 'किरातार्जुनीय' या संस्कृत महाकाव्यावरची पहाडी शैलीतली (हिमालयाच्या पायथ्याकडची) चित्रमालिका म्हणजे इथलं खरं धन. प्रत्येक चित्र आधी दोन हातांवरून बघा, मग काचेजवळ जा. काचेवर उजेड चमकत असेल तर अर्धं पाऊल बाजूला सरका. कागदावर रंगाचे थर चढवत, मधूनमधून उलट्या बाजूने अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटून अशी चित्रं करतात. रंग त्यानेच दबून बसतो आणि मऊ चकाकी येते. जुन्या लघुचित्रात हिरव्या जागीच कागद तपकिरी होऊन तडकलेला दिसला, तर तो बहुधा जंगालाचा परिणाम. तांब्यापासून केलेला हा रंग कागदाला खातो. शिशापासून केलेला पांढरा रंग, सफेदाही हवेतल्या गंधकाने काळवंडतो, त्यामुळे काळा ठिपका दिसला की तो चित्रकाराचाच असेल असं धरून चालू नका.

लगेच राजा रविवर्म्याच्या 'सैरंध्री'पुढे जा. लघुचित्रातलं सोनं सहसा खरं, वर्ख खलून केलेलं असतं. तैलचित्रातल्या कपड्यांची सोनेरी जर मात्र पिवळ्या-तपकिरी छटांची असते, जवळ गेलं की नुसते फटकारे. दोन्ही पाठोपाठ पाहिलं तरच हा फरक डोळ्यांत भरतो. वार्निशची चमक आड आली तर तिरकं उभं राहा. चित्रकार एम. व्ही. धुरंधरांची चित्रं याच ओघात बघून घ्या. प्रतिकृतींसाठी दहा मिनिटं पुरे.

इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरचं 'माता आणि बालक' हे शिल्प शेवटी ठेवा. खटाव तालुक्यातल्या डोंगरावर मूर असावा, याचं आजही नवल वाटतं! सुरुवातीच्या काळात तो दगडावर थेट छिन्नी चालवायचा. नाकडोळे शोधत बसू नका. आईचा आणि मुलाचा भार एकमेकांवर कसा आलाय, तेवढं बघा.

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे अंतर ४०-४५ किलोमीटर. सुट्टीचा वार आणि फोटोची परवानगी आधी विचारा. एसटीने जाणार असाल तर परतीच्या गाडीची वेळ उतरल्याउतरल्या विचारून ठेवा.