लेकॉम्प्टनचा कॉन्स्टिट्यूशन हॉल : एक आवर्जून पाहावी अशी वास्तू

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स आणि टोपिका या शहरांच्या दरम्यान, लेकॉम्प्टन नावाचे छोटेसे गाव आहे. तिथली १८५६ साली बांधलेली कॉन्स्टिट्यूशन हॉल ही दुमजली लाकडी इमारत आज संग्रहालय म्हणून जपलेली आहे. वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फिया पाहून परतणाऱ्या पर्यटकांनी, आणि कॅन्सस सिटीच्या परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींनी तर नक्कीच, ती वेळ काढून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

तळमजल्यावर सरकारी जमीन कचेरी होती. सरकारी जमिनीवर आधी वस्ती करणाऱ्याला १८४१ च्या कायद्याने १६० एकरांपर्यंत जमीन एकरी सव्वा डॉलर या किमान दराने विकत घेता येई, आणि तो हक्क नोंदवायला लोक इथे येत. कान्सा, डेलावेअर, शॉनी या मूळ रहिवाशांच्या हातून त्या भागातली जमीन करारामागून करार होऊन कशी गेली, याचे वाचन आधी करून गेल्यास या खोलीचा अर्थ पुरता कळतो.

खरा ऐवज मात्र वरच्या मजल्यावरच्या सभागृहात आहे. ३० मे १८५४ च्या कायद्याने कॅन्सस टेरिटरी, म्हणजे अजून राज्याचा दर्जा न मिळालेला प्रदेश, अस्तित्वात आली, तेव्हा गव्हर्नर, सचिव व न्यायाधीश राष्ट्राध्यक्षांनी नेमायचे आणि १३ जणांची परिषद व २६ जणांचे प्रतिनिधीगृह लोकांनी निवडून द्यायचे, अशी कारभाराची घडी होती. गुलामगिरी ठेवायची की नाही, हेही तिथल्या रहिवाशांनीच ठरवायचे होते. प्रत्यक्षात मार्च १८५५ च्या निवडणुकीत शेजारच्या मिसूरीतून आलेल्या लोकांनी सर्रास मतदान केले. शिरगणतीत मतदार २,९०५ आणि मते पडली सहा हजारांवर.

१८५७ च्या शरद ऋतूत याच दालनात गुलामगिरीच्या समर्थकांनी भावी कॅन्सस राज्याच्या घटनेचा मसुदा तयार केला. २१ डिसेंबरच्या मतदानात जनतेपुढे ठेवलेल्या दोन्ही पर्यायांत आधीपासूनचे गुलाम गुलामच राहणार होते, म्हणून विरोधकांनी त्यावर बहिष्कार टाकला. मात्र त्याआधी ऑक्टोबरमध्ये झालेल्या निवडणुकीत विधिमंडळाचे बहुमत विरोधकांकडे गेले होते. हंगामी गव्हर्नर फ्रेडरिक स्टँटन यांनी त्याच डिसेंबरात विशेष अधिवेशन बोलावले, ते भरले याच इमारतीत, आणि तिथे संपूर्ण घटनेवर नवे मतदान घेण्याचा निर्णय झाला. या धाडसापायी स्टँटन यांना पद गमवावे लागले. पण ४ जानेवारी १८५८ रोजी घटनेविरुद्ध दहा हजारांहून अधिक मते पडली. ज्या छपराखाली घटना लिहिली गेली, त्याच छपराखाली तिच्या पराभवाचा पाया घातला गेला, आणि मी या वास्तूला जे मोल देतो ते यासाठीच.

या काळातला एक प्रसंग तर विलक्षण आहे. जानेवारीच्या निवडणुकीतल्या बनावट मतांची कागदपत्रे एका कारकुनाने मेणबत्त्यांच्या खोक्यात भरून लाकडांच्या ढिगाऱ्याखाली पुरून ठेवली होती. माग काढत आलेल्या शेरीफने ती उकरून बाहेर काढली. ऑगस्ट १८५८ मध्ये पुन्हा कौल घेतला गेला, तेव्हा ११,३०० विरुद्ध १,७८८ मतांनी ही राज्यघटना कायमची निकालात निघाली आणि २९ जानेवारी १८६१ रोजी कॅन्सस गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून संघराज्यात आले.

घटनाक्रम गुंतागुंतीचा असल्यामुळे वरील तारखा डोक्यात ठेवूनच आत शिरावे, नाहीतर नावांच्या गर्दीत धागा सुटतो. लहान मुलांचे मन इथे फार वेळ रमेल असे नाही. राज्यशास्त्राच्या वा इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र मी ही जागा डोळे मिटून सुचवेन. निघण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा पाहून घ्याव्यात. गावातले दुसरे संग्रहालय लेन विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत आहे, तेही चुकवू नये. टेरिटरीचे विधानभवन निधीअभावी अर्धवट राहिले, आणि त्याच्याच पायावर पुढे उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाला नाव मिळाले ते गुलामगिरीविरोधकांचे पुढारी जेम्स लेन यांचे.