किशोरवयीन मुलांच्या समाधानाचा अभ्यास: ‘अंडरस्टँडिंग सोसायटी’ घ्यावा की ‘मिलेनियम कोहोर्ट’?

ब्रिटनमधल्या किशोरवयीन मुलांच्या मानसिक स्वास्थ्यावर प्रबंध करायचा ठरवला की दोन नावं हमखास समोर येतात: ‘अंडरस्टँडिंग सोसायटी’ आणि ‘मिलेनियम कोहोर्ट स्टडी’. दोन्हींचा डेटा यूके डेटा सर्व्हिसकडे नोंदणी केली की संशोधनासाठी मोफत मिळतो, पुण्यात बसूनही. दोन्हींत मुलांना त्याच सहा गोष्टींबद्दल किती आनंदी आहेस असं विचारलं आहे: अभ्यास, स्वतःचं रूप, कुटुंब, मित्रमैत्रिणी, शाळा आणि एकूण आयुष्य. म्हणून कोणताही घेतला तरी चालेल असं वाटतं. पण चुकीचा घेतला तर सहा महिन्यांनी कळतं की आपला प्रश्न त्या डेटाला विचारताच येत नाही.

अंडरस्टँडिंग सोसायटी हे घरांचं सर्वेक्षण आहे. एसेक्स विद्यापीठाने ते 2009 मध्ये सुमारे 40,000 घरांपासून सुरू केलं आणि त्याच घरांना दरवर्षी विचारणा होते. घरातली 10 ते 15 वयाची मुलं स्वतःची वेगळी प्रश्नावली भरतात. 16 पूर्ण झालं की मोठ्यांची मुलाखत. मिलेनियम कोहोर्ट ही एका पिढीची पाहणी आहे: सप्टेंबर 2000 ते जानेवारी 2002 मध्ये जन्मलेली सुमारे 19,000 मुलं, ज्यांची माहिती 9 महिने, मग 3, 5, 7, 11, 14 आणि 17 या वयांत घेतली गेली.

निवड ठरते ती इथेच. मिलेनियममधली जवळपास सगळी मुलं 2015 च्या सुमारास 14 वर्षांची होती. 11 ते 14 मध्ये समाधान घसरलेलं दिसलं तर ते वयामुळे की 2012 ते 2015 मध्ये बदललेल्या जगामुळे, हे त्या डेटातून वेगळं काढता येत नाही; कितीही चतुर मॉडेल लावा. अंडरस्टँडिंग सोसायटीत 2010 ची 14 वर्षांची मुलं आहेत आणि 2019 चीही. ‘आजची मुलं दहा वर्षांपूर्वीच्या मुलांपेक्षा नाखूष आहेत का?’ हा प्रश्न असेल तर दुसरा विचारच नको. ब्रिटनमधली ‘चिल्ड्रन्स सोसायटी’ ही संस्था आपल्या वार्षिक अहवालात 10 ते 15 वयाच्या मुलांच्या समाधानाचा कल याच डेटावरून मांडते. उलट, तिसऱ्या वर्षीचं घरातलं वातावरण आणि सतराव्या वर्षीची उदासी यांचा धागा जोडायचा असेल तर मिलेनियमच हवं.

एका मुलामागे किती नोंदी?

‘दरवर्षी’ या शब्दाने फसू नका. आनंदाचे प्रश्न युवा प्रश्नावलीत दर फेरीला असतात, म्हणजे एका मुलाच्या जास्तीत जास्त सहा नोंदी. पण भावनिक अडचणी मोजणारी एसडीक्यू ही 25 विधानांची प्रश्नावली एक फेरी सोडून एक येते, म्हणून तिच्या फार तर तीन. प्रत्यक्षात त्याहूनही कमी: कोणी पहिल्या फेरीतच 14 वर्षांचं होतं, कोणी मधली प्रश्नावली भरलीच नाही. प्रस्ताव लिहिण्याआधी प्रत्येक मुलाच्या किती नोंदी आहेत याचा साधा तक्ता काढा. तीन नोंदींची मुलं पुरेशी नसतील तर वाढीच्या वक्ररेषेचं मॉडेल (प्रत्येक मुलातला वयानुसार होणारा बदल मांडणारं) त्याच दिवशी सोडून द्या.

मिलेनियममध्ये आनंदाचे सहा प्रश्न 11 आणि 14 या दोनच वयांत आहेत. दोन बिंदूंतून फक्त सरळ रेषा निघते. तिथलं बलस्थान वेगळं: पालकांनी भरलेली एसडीक्यू 3 ते 17 या वयांत सहा वेळा मिळते. मात्र पालक सांगतात आणि मूल सांगतं यात मोठं अंतर असतं. चौदाव्या वर्षी मुलांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीत 24 टक्के मुली आणि 9 टक्के मुलगे यांच्यात नैराश्याची ठळक लक्षणं दिसली. पालकांच्या उत्तरांत मुली आणि मुलगे यांच्यातली दरी याहून बरीच लहान होती. कोणाचं उत्तर वापरलं हे निष्कर्षाच्या वाक्यातच लिहा, तळटीपेत नको.

सोळाव्या वर्षीची फट

अंडरस्टँडिंग सोसायटीत सर्वाधिक प्रबंध इथे अडकतात. पंधराव्या वर्षी मूल सहा आनंदप्रश्न आणि एसडीक्यू भरतं. सोळाव्या वर्षी ते दोन्ही जातात आणि जीएचक्यूचे (मोठ्यांचा मानसिक ताण मोजणाऱ्या प्रश्नावलीचे) 12 प्रश्न व आयुष्याच्या समाधानाचा एक प्रश्न येतो. त्यात मापाची दिशाही उलटते. युवा प्रश्नावलीत 1 म्हणजे पूर्ण आनंदी, 7 म्हणजे मुळीच नाही. मोठ्यांच्या प्रश्नात 7 म्हणजे पूर्ण समाधानी. दोन्ही स्तंभ तसेच जोडले तर सोळाव्या वाढदिवसाला सगळ्यांच्या मनात मोठी उलथापालथ झाल्याचं दिसेल. दिशा एक केली तरी प्रश्न वेगळाच राहतो. म्हणून 15 आणि 16 मधला फरक ‘बदल’ म्हणून कधीच मांडू नये. चालणारा मार्ग असा: 10 ते 15 मधली पातळी कारक म्हणून घ्या आणि 16 नंतरचा जीएचक्यू परिणाम म्हणून.

घराच्या बाबतीत मात्र या सर्वेक्षणाला तोड नाही. त्याच घरातली भावंडं, आई आणि वडील दोघांचेही दरवर्षीचे जीएचक्यू, उत्पन्न, घरबदल हे सगळं जोडता येतं. भावंडांची तुलना करून घराचा सामायिक प्रभाव वजा करायचा असेल तर मिलेनियम उपयोगाचं नाही. तिथे साधारणपणे एका कुटुंबातलं एकच मूल, किंवा जुळी-तिळी.

फाइली जोडताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. अंडरस्टँडिंग सोसायटीत व्यक्तीचा क्रमांक ‘पीआयडीपी’ कायम राहतो, पण घराचा ‘एचआयडीपी’ दर फेरीला बदलतो. त्यावरून दोन फेऱ्या जोडल्या की निमूटपणे चुकीचा डेटा तयार होतो. मिलेनियममध्ये ‘एमसीएसआयडी’ हा कुटुंबाचा क्रमांक आहे, मुलाचा नाही. सोबत मुलाचा अनुक्रमांक घेतला नाही तर जुळी एकमेकांत मिसळतात. उणे आकडे ही न मिळालेल्या उत्तरांची खूण असते, सरासरी काढण्याआधी ती पुसायला हवीत. आणि अंडरस्टँडिंग सोसायटीची एक फेरी दोन वर्षं चालते (फेऱ्या एकमेकींवर चढतात, प्रत्येक घराला मात्र वर्षातून एकदाच विचारतात), म्हणून वर्ष फेरीवरून नव्हे, मुलाखतीच्या तारखेवरून घ्या.

भाराशिवाय, म्हणजे नमुन्यातलं असंतुलन सावरणाऱ्या ‘वेट्स’शिवाय, कोणतंही कोष्टक छापू नका. मिलेनियममध्ये गरीब आणि अल्पसंख्याकबहुल वॉर्ड मुद्दाम जास्त घेतले आहेत, आणि सतराव्या वर्षापर्यंत सुमारे 10,600 कुटुंबंच उरली. अंडरस्टँडिंग सोसायटीतही भारतीय वंशासह पाच गटांचा वाढीव नमुना आहे. पण ‘भारतीय’ या एका खान्यात गुजराती, पंजाबी, मराठी सगळे येतात. लंडनमधल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांवर लिहिण्याचा बेत असेल तर यातलं काहीच पुरणार नाही.

भारतातल्या मुलांबद्दल लिहायचं असेल तर ‘यंग लाइव्ह्ज’ बघा: 2002 पासून सुमारे 3,000 मुलं, आयुष्याच्या समाधानाची शिडी (आपण कोणत्या पायरीवर आहोत असं विचारणारा प्रश्न) त्यात आहे, पण फक्त आंध्र प्रदेश आणि तेलंगणा. ‘उदया’ या किशोरवयीनांच्या सर्वेक्षणात नैराश्याची लक्षणं मोजली आहेत, पण उत्तर प्रदेश आणि बिहारपुरती. महाराष्ट्र आणि गोवा हवेत तर इंडिया ह्युमन डेव्हलपमेंट सर्व्हेत 2004-05 आणि 2011-12 मध्ये त्याच घरांच्या भेटी आहेत. शिक्षण, उत्पन्न, लग्न यांवर तो भक्कम आहे, मुलांच्या मनःस्थितीवर नाही.