पुरानंतर 'सेफ्टी सर्टिफिकेट' विकणाऱ्याने १६,५०० रुपयांना फसवलं

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरात पाणी विजेच्या मीटरच्याही वर गेलं होतं. चिखल उपसत होतो तेव्हा हा माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात घरांची यादी. "काका, वायरिंगचं सेफ्टी सर्टिफिकेट नसेल तर लाइट जोडणार नाहीत." असले कागद दारोदार विकत नसतात, हे आज कुणीही सांगेल. घरात आजारी आई, चार्जिंग संपलेले फोन, अशा वेळी चौकशी करणार कोणाकडे?

सर्टिफिकेटचे १,५००, आरसीसीबीचे, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणाऱ्या स्विचचे, ३,२००, 'पूर्ण नवीन वायरिंग'चे ११,८००. सगळे रोख. पावतीवर ना जीएसटी क्रमांक, ना परवाना क्रमांक.

आरसीसीबी बसवताना तिच्या स्क्रूच्या खाचेत मला लाल चिखल दिसला होता. विचारलं, तर म्हणाला, "तुमच्याच भिंतीचा लागला." भिंत चिखलाने माखलेली होतीच, म्हणून पटलं. तिथेच त्याला हाकलायला हवा होता! कुणाच्या तरी बुडालेल्या घरातली काढून, धुऊन आमच्या गळ्यात मारली. पाण्यात गेलेली आरसीसीबी, एमसीबी (जादा करंट आला की बंद पडणारा स्विच) वाळवून वापरू नका, फेकूनच द्या.

लाइट आली आणि फ्रिजला हात लावताच बायकोला शॉक बसला. आरसीसीबीचं 'टी' (टेस्ट) बटण दाबलं, ढिम्म! ३० मिलिअँपियर गळती झाली की आपोआप बंद पडायला हवी ती. मग परवानाधारक ठेकेदार बोलावला. त्याने मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला, पाइपातून वायर ओढली. बोर्डाजवळ वीतभर नवी, आत टेप गुंडाळून जोडलेली जुनीच. अर्थिंगची वायर नुसती लोंबत होती. मेगर न लावता सर्टिफिकेट देणारा चोर समजा. लाइट आल्यावर 'टी' बटण स्वतः दाबून बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

वीज कार्यालयात गेलो तर "मीटरच्या पुढचं आमच्याकडे नाही." अहो, तो तुमचं नाव सांगून फिरतोय! निदान भोंगा लावून लोकांना सावध करा म्हटलं, तर साहेब पंचनाम्यात. चौकीत ऐकवलं, "पैसे तुम्हीच दिलेत ना, कोणी हिसकावले नाहीत." माणूस मेला असता तरच लिहून घेणार होते का? बनावट सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं, ते उलटूनसुद्धा पाहिलं नाही. शेवटी हट्टाने अर्जाची पोच घेतली. गुन्हा अजून नोंदवलेला नाही, आणि त्या यादीत आमच्या आळीतली बाकीची घरंही होती.